हमीपत्राची मागची बाजू

मुद्देमालाचे सील आदेशाशिवाय तोडू नये, हा नियम मी एकतीस वर्षे पाळला. आणि निवृत्तीनंतरच्या चौथ्या वर्षी तोच नियम माझ्या स्वतःच्या संडासात मला आडवा आला. शेवटी मी जिंकलो. परंतु जिंकण्याआधी पाच महिने मी ज्या हक्कासाठी भांडत होतो, तो मला मुळात मिळालेलाच नव्हता, हे आरंभीच कबूल करतो. कबुली स्वेच्छेने दिलेली असली की तिचे वजन वाढते.

माझी सारी नोकरी न्यायालयाच्या मुद्देमाल खोलीत गेली. जिल्हा विभागला जाण्यापूर्वी भंडाऱ्याला आणि नंतर गोंदियाला. खटल्यातल्या वस्तू सांभाळणे हे माझे काम. रक्ताचे कपडे, कुऱ्हाडी, मोहाच्या दारूच्या बाटल्या, एकदा तर चोरीच्या बैलजोडीच्या दोन घंटा. प्रत्येक वस्तूला कापडाची पिशवी, पिशवीला सुतळी, सुतळीवर लाख, लाखेवर मोहर. ती मोहर न्यायाधीशांच्या लेखी हुकुमावाचून फुटली तर आरोपी सुटतो आणि कारकून अडकतो. माझ्या कारकिर्दीत एकही मोहर फुटली नाही. या गोष्टीचा मला अभिमान होता आणि आजही आहे.

निवृत्त झाल्यावर आम्ही कोहमाऱ्याच्या फाट्यापासून सायकलीने वीस मिनिटांवर असलेल्या माझ्या गावी घर बांधले. पत्नीचे गुडघे तोवर संपलेले होते. लहानपणी बांधीबांधीत वाकून धानाची रोवणी केलेली, पुढे अंगणवाडीच्या फरशीवर मुलांबरोबर बसून आयुष्य गेलेले. नागपूरला एका गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली, दुसरा रांगेत होता. डॉक्टरांनी बजावले : उकिडवे बसायचे नाही, वाकायचे नाही, बादली उचलायची नाही. म्हणून घरात खुर्चीसारखा कमोड आला आणि त्यामागे भिंतीवर पांढरी प्लास्टिकची फ्लशची टाकी आली. गोंदियाच्या एका दुकानातून मी ती स्वतः आणली. बसवणाऱ्या मिस्त्रीने जाता जाता टाकीच्या झाकणावर कंपनीची लाल पट्टी चिकटवली. तिच्यावर लिहिले होते : अनधिकृत व्यक्तीने उघडल्यास हमी रद्द.

ती पट्टी पाहून मला बरे वाटले होते. सील असले की वस्तू सुरक्षित, अशी माझी समजूत.

दोन महिन्यांत टाकी गळू लागली. गळती बाहेर दिसत नव्हती. बाहेर दिसली असती तर बरे झाले असते. पाणी टाकीतून आतल्या आत कमोडच्या भांड्यात उतरत होते, केसाएवढ्या धारेने, दिवसभर. भांड्याच्या मागच्या भिंतीवर हात लावला तरच ते कळे. फ्लशची टाकी रिती होई, ती भरायला छतावरच्या काळ्या टाकीतून पाणी येई, आणि गावच्या नळाला सकाळी तासभर येणारे पाणी चढवून भरलेली ती काळी टाकी दुपारी ठणठणीत कोरडी पडे. स्वयंपाकघराच्या नळातून मग फक्त हवा यायची.

उपाय एकच होता. फ्लशच्या टाकीला पाणी देणारा लहानसा कॉक खाली, जमिनीपासून वीतभर उंचीवर, कमोडच्या मागे होता. तो बंद ठेवायचा, लागेल तेव्हा उघडायचा. परंतु वाकल्याशिवाय तिथे हात पोचत नव्हता, आणि तिला वाकायची मनाई होती. म्हणून व्यवस्था अशी ठरली : तिला जायचे असले की तिने मला हाक मारायची. मी जाऊन वाकून कॉक उघडायचा, टाकी भरेपर्यंत दाराशी थांबायचे, मग बाजूला व्हायचे. ती बाहेर आली की पुन्हा जाऊन कॉक बंद करायचा.

ही व्यवस्था मी पाच महिने चालवली, आणि ती नीट चालली आहे असे मी समजत होतो.

कारण दरम्यान मी स्वस्थ बसलेलो नव्हतो. मी पत्रे लिहीत होतो. पहिले दुकानदाराला. त्याने फोनवर सांगितले, "काकाजी, हम तो सिर्फ बेचते हैं, कंपनी को लिखो." फोनवरचे बोलणे पुराव्यात धरता येत नाही, म्हणून मी त्याला तेच उत्तर लेखी मागितले, ते आले नाही. मग कंपनीला लिहिले, रजिस्टर पोस्टाने, पोचपावतीसह. मालाचे वर्णन, खरेदीची तारीख, गळतीचे स्वरूप, ग्राहक म्हणून माझे हक्क, आणि पंधरा दिवसांत कारागीर न आल्यास पुढील कारवाईचा खर्च आपणावर राहील ही सूचना. उत्तर छापील आले : आपली तक्रार नोंदवली आहे, अधिकृत कारागीर संपर्क साधेल, तोपर्यंत सील उघडू नये. खाली सही नाही. सही नसलेला कागद पाठवणाऱ्या माणसाचा मला जितका संताप येतो तितका खोटे बोलणाऱ्याचाही येत नाही. खोटे बोलणारा निदान समोर उभा असतो. मी तसे त्यांना कळवले. पाच महिन्यांत माझी अकरा पत्रे गेली आणि त्यांचे तेच छापील उत्तर चार वेळा आले.

पत्नी प्रत्येक पत्र लिहिताना पाहत असे.

"काऊन जी," ती एकदा म्हणाली, "थे झाकन उचलून पायलं तर फाशी होते का?"

"हमी रद्द होते."

"आन पानी वाहून राह्यलं थे?"

"ते त्यांच्या जबाबदारीवर वाहते आहे. सील मोडले की आपल्या जबाबदारीवर वाहील."

"मिस्त्रीले बोलवा मंग. त्यानंच बसवली ना?"

"मिस्त्री अनधिकृत आहे."

"हाव," ती म्हणाली, "मुद्देमाल हाय ना बापा थो! कपडा गुंडारा, लाख लावा, कपाटात ठेवा. मी जातो वावरात."

मी हसलो होतो. ती हसली नव्हती, हे माझ्या ध्यानात आले नाही.

बारावे पत्र टाकायला मी एका गुरुवारी सडक अर्जुनीला गेलो. अर्ध्या तासात येतो असे सांगून गेलो. महामार्गाच्या रुंदीकरणाचे काम चालू होते. ट्रकांच्या रांगेत आमची काळीपिवळी जीप अडकली, पोस्टातल्या बाईंच्या खिडकीपुढे मनीऑर्डरवाल्यांची गर्दी, आणि मी पावती घेतल्यावाचून हलणारा माणूस नव्हे. दोन तास झाले. परत आलो तेव्हा रजिस्टरची पावती माझ्या खिशात होती आणि पत्नी मागच्या अंगणात खुर्चीवर बसलेली होती, वॉकर बाजूला आडवा पडलेला. संडासात जमिनीवर झाडूची दांडी पडली होती. त्या दांडीने तिने कॉक ढकलून पाहिला होता. तो ढळला नव्हता. पुढचे तिने मला सांगितले नाही, मी विचारले नाही. दोरीवर तिचे नुकतेच पिळलेले लुगडे होते, आणि आंघोळीची वेळ केव्हाच टळून गेली होती.

तिने पदराने तोंड पुसले. मग माझ्याकडे न पाहता म्हणाली :

"माही आजी विहिरीपाशी उभी राहे. कोनी येऊन वरून पानी वाढंल तवा तिचा घडा भरे. सकाळपासून उभी राहे. माह्या मायनं मले सांगतलं होतं. मी म्हनलं, आपला जमाना गेला." तिने पडलेल्या वॉकरकडे पाहिले. "आता मी माह्याच घरी वाट पायतो. पानी सोडाले मानूस येईल म्हनून."

मी उभाच राहिलो. माझ्या खिशात पावती होती. आमच्या घराण्यात कायद्याचा शब्द पवित्र का मानतात, ते मला कोणी शिकवावे लागलेले नाही. त्या विहिरीपाशी कोणाला असे उभे ठेवणे ज्या कागदाने गुन्हा ठरवले, त्या कागदाच्या आधारानेच माझ्या बापाने मला शाळेत घातले. आणि मी कागदाचाच आधार घेऊन तिला पुन्हा त्या जागी उभी केली होती.

त्याच दुपारी तिने नागपूरला मुलीला फोन लावला. "रईवारी घ्याले ये मले," एवढेच म्हणाली. फोन ठेवून मला म्हणाली, "तुमचा कारागीर आला का कळवा. तवा पाहू."

गुरुवार होता. माझ्याकडे तीन दिवस होते. मुलीच्या घरात नळाला चोवीस तास पाणी होते. एकदा गेलेली आई तिने परत पाठवली नसती, आणि आईनेही परत यायची घाई केली नसती. हे आम्हा दोघांनाही माहीत होते.

मी फाइल काढली. तेरावे पत्र असे लिहायचे की कंपनीचा कारागीर धावत आला पाहिजे. त्यासाठी हमीपत्रातला शब्दन्‌शब्द उद्धृत करणे आवश्यक होते. हमीपत्र तळहाताएवढे, जाड कागदाचे. नोकरीतल्या शिस्तीप्रमाणे मी ते पहिल्याच दिवशी फुलस्केप कागदाच्या मधोमध डिंकाने चिकटवून, कडेला निशाणी क्रमांक घालून फाइलला लावले होते. लहान कागद सुटा ठेवला की हरवतो. मुद्देमाल खोलीत चिठ्ठीसुद्धा आम्ही मोठ्या कागदावर चिकटवत असू. मी चष्मा लावून ते पुन्हा वाचू लागलो. एक वर्षाची हमी. निर्मितीतील दोष. सील अबाधित असणे आवश्यक.

ती कपडे घड्या घालत समोर बसली होती. माझ्याशी बोलायची तिची इच्छा नव्हती, तरी राहवेना म्हणून तिने विचारले :

"मांगं काय हाय त्याच्या?"

"कशाच्या मागे?"

"त्या कारडाच्या. औषधाच्या डब्बीवर सारं मांगंच रायते. पुढं चित्र रायते, मांगं खरं रायते."

मी कागद उलटा केला. मागे माझा फुलस्केप होता. मी तो खिडकीशी उजेडात धरला. फुलस्केपच्या आत, डिंकाच्या पिवळ्या डागांमधून, बारीक अक्षरांच्या ओळी अंधुक दिसत होत्या.

चहाच्या भांड्याच्या वाफेवर धरून मी ते हमीपत्र सोडवले. एकतीस वर्षांत चिकटवलेला कागद मी कधी सोडवला नव्हता. मागच्या बाजूला मुंगीएवढ्या अक्षरांत नऊ अटी होत्या. सहावी अट अशी : रबरी वॉशर, सील व इतर झिजणारे भाग या हमीत समाविष्ट नाहीत.

टाकीतून भांड्यात पाणी उतरते ते रबराच्या वॉशरमधून, हे मिस्त्रीने मला गळतीच्या पहिल्याच महिन्यात सांगितले होते. म्हणजे ज्या दोषासाठी मी सील राखत होतो, त्या दोषाला हमी पहिल्या दिवसापासून नव्हती. आणि ज्यांनी मला चार वेळा सील उघडू नका असे कळवले, त्यांना हे ठाऊक होते.

मला संताप आला. असा संताप मला तीन-चार वेळाच आला आहे. अट मागच्या बाजूला मुंग्यांसारखी सोडायची आणि धमकी मात्र लाल पट्टीवर मोठ्या अक्षरांत छापायची, याला मी व्यापार म्हणत नाही. पण त्या संतापाचा निम्मा वाटा माझ्याच डिंकाच्या बाटलीकडे जात होता, आणि ते नाकारणे अप्रामाणिकपणाचे ठरले असते.

तेरावे पत्र मी लिहिले नाही. मी शेजारच्या गुरुजींना बोलावले. ते प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले, तिरकस बोलणारे, पण सही करण्याआधी वाचणारे गृहस्थ.

"पंचनामा करायचा आहे," मी म्हणालो.

"कोन मेलं?"

"कोणी नाही. टाकी उघडायची आहे."

गुरुजींनी पत्नीकडे पाहिले. ती म्हणाली, "या जी गुरुजी, या. पाच महिन्यांनं कोर्ट बसलं आज."

पंचनाम्याला दोन पंच लागतात. दुसरा पंच म्हणून पत्नीला घेतले. ती नातेवाईक असल्याने तिच्या पंच असण्यास हरकत घेता येईल, अशी नोंद मी स्वतःच केली. 'आम्ही खाली सही करणारे पंच समक्ष हजर राहून लिहून देतो की, सदर टाकीच्या झाकणावर लाल रंगाची कागदी पट्टी अखंड स्थितीत असून…' एवढे लिहून मी भाजी कापायची सुरी घेतली आणि ती पट्टी कापली. काही झाले नाही. कॉक उघडून टाकी भरू दिली, झाकण उचलले. आत पाणी होते, एक प्लास्टिकचा फुगा होता, मध्ये उभी नळी होती, आणि काहीही गूढ नव्हते.

"इतलंच?" पत्नी वॉकर धरून दारातून वाकायचा मोह आवरत म्हणाली. "मले वाटलं आंदर जज सायेब बसले असतीन."

आता तपास. पाणी दोन वाटांनी भांड्यात जाऊ शकते : पातळी जास्त होऊन उभ्या नळीच्या तोंडातून, किंवा बुडाच्या वॉशरखालून. अनुमानावर कोणाला दोषी धरणे मला मान्य नाही. मी पेन्सिलीने टाकीच्या आतल्या भिंतीवर पाण्याच्या पातळीची रेघ ओढली. नळीचे तोंड त्या रेघेच्या बोटभर वर होते. ती वाट निर्दोष. मग कॉक बंद केला आणि पत्नीकडे निळीची बाटली मागितली. पौर्णिमेला विहारात नेसायच्या तिच्या पांढऱ्या लुगड्यांसाठी आमच्या घरी नीळ कधी संपत नाही. तिने स्वतःच्या हाताने आठ-दहा थेंब टाकीत सोडले. पाणी आभाळासारखे झाले.

आम्ही तिघे वाट पाहत बसलो. गुरुजींनी चहा घेतला. चहा संपायच्या आत पत्नी दारातून ओरडली, "आली जी, आली! निळी आली भांड्यात!"

भांड्याच्या मागच्या भिंतीवरून निळी, सुतासारखी रेघ उतरत होती. पाच महिने न दिसलेला गुन्हेगार रंगेहाथ सापडला होता. टाकीतले पाणी पेन्सिलीच्या रेघेखाली दोन बोटे गेले होते. मी वेळ लिहिली, मापे लिहिली, दोघांच्या सह्या घेतल्या. गुरुजी सही करताना म्हणाले, "असा पंचनामा त्या कंपनीनं जन्मात पायला नसंल."

शुक्रवारी मी टाकी रिकामी केली, मधला सांगाडा पाव फेरा फिरवून बाहेर काढला. खाली वॉशर होता, बांगडीएवढा, आणि त्याची एक कड कारखान्यातच दुमडली असावी तशी कायमची वाकडी झालेली. ज्यावर तो बसायचा त्या काठावर गावच्या नळाला येणाऱ्या बोअरच्या पाण्याचा पांढरा थर चढला होता, चुन्यासारखा टणक. लिंबू आणि जुना टूथब्रश घेऊन मी तो काठ तासभर घासला. नख फिरवले की गुळगुळीत लागला पाहिजे, हे माझे मी ठरवलेले प्रमाण. वॉशर मात्र गावात मिळेना. म्हणून माझ्या सायकलच्या जुन्या ट्यूबमधून, जुना वॉशर नमुना धरून, मी एक चकती कापली, बसवली, टाकी भरली, नीळ टाकली.

शनिवारी सकाळी नीळ पुन्हा भांड्यात उतरली. सायकलची ट्यूब पातळ. पाण्याच्या भाराने तिची कड उचलली गेली होती. पत्नीची बॅग पलंगाजवळ उघडी होती, आणि तिच्यात लुगडी ठेवून झाली होती. वर औषधांचे डबे ठेवायचे बाकी होते.

मी सायकल काढली आणि कोहमाऱ्याचा फाटा गाठला.

तिथे धाब्यांच्या ओळीच्या टोकाला एक पंक्चरवाला बसत असे. रायपूरकडून येणाऱ्या ट्रकांची चाके काढून तो तासन्‌तास त्यांच्याशी झगडत असे. त्याला मी म्हणालो, ट्रकची जुनी ट्यूब हवी आहे, वीतभर तुकडा.

"काकाजी, सायकल में ट्रक का ट्यूब डालोगे?"

"संडासात घालायचा आहे."

तो हातातला पाना खाली ठेवून हसू लागला. शेजारच्या ड्रायव्हरला म्हणाला, "सुना क्या? काकाजी का संडास भी हायवे पे चलेगा." मी हसलो नाही. मी पिशवीतून दोन्ही चकत्या काढल्या, कंपनीची आणि सायकलची, आणि कोणती कुठे उचलली जाते ते दाखवले. तो गंभीर झाला. कामाचा माणूस काम ओळखतो. त्याने तीन ट्यूब चाचपून चौथी निवडली. "ये लो. न मोटा, न पतला. किनारा कैंची से मत काटना, उठ जाएगा. ब्लेड गरम करो, एक झटके में." त्याने पैसे घेतले नाहीत. मी पावती मागितली नाही. आयुष्यात पहिल्यांदाच.

घरी येऊन ब्लेड गॅसवर तापवले, वाटी ठेवून तिच्या कडेने एका दमात चकती कापली. मधले भोक कापताना हात चुकला, ती फेकली. दुसरी नेमकी उतरली. बसवली. दुपारी दोन वाजता टाकी भरली, रेघ ओढली, कॉक बंद केला. निळीची बाटली पत्नीपुढे धरली.

"तुमीच टाका," ती म्हणाली.

"पंच तू आहेस."

तिने टाकली. या वेळी दहा नव्हे, अर्धी बाटली टाकली. मग आम्ही दोघे त्या दारात खुर्च्या टाकून बसलो. तीन वाजले. भांड्यातले पाणी स्वच्छ. चार वाजले. मी बोट भांड्याच्या मागच्या भिंतीवर फिरवले; कोरडे. टाकीत पाणी पेन्सिलीच्या रेघेवर जसेच्या तसे, केसभर खाली नाही. पाच वाजता मी वाकून कॉक पूर्ण उघडला, आणि तो पुन्हा बंद केला नाही. आजतागायत केलेला नाही.

रविवारी दुपारी मुलगी आली, भाड्याची गाडी घेऊन. तिने बॅग उचलायला हात घातला तेव्हा पत्नी म्हणाली, "थांब बाई, जाऊन येतो." आणि वॉकर ठोकत एकटीच आत गेली. कोणाला हाक मारली नाही. मी ओसरीवर मुलीसमोर बसून होतो. दार लागले. काही वेळाने फ्लशचा धबधबा ऐकू आला, मग टाकी भरण्याचा आवाज, तो हळूहळू बारीक होत गेला, आणि थांबला. पूर्ण थांबला. त्या शांततेसारखी शांतता मी निकालाच्या आधी कोर्टातही ऐकलेली नाही.

"बाबा, पाणी बंद झालं?" मुलीने विचारले.

"निकाल लागला," मी म्हणालो.

पत्नी बाहेर आली. पदराला हात पुसत तिने बॅगकडे पाहिले, मग मुलीकडे. "पंधरा दिवस येतो. पाहुनी म्हनून येतो. मंग आनून सोड मले."

"आणि मग इथे कोण बघणार तुझ्याकडे?"

"कोनी काऊन पायलं पायजे?" ती म्हणाली. "मी जातो, मी येतो."

पंधराव्या दिवशी ती परत आली. सोळाव्या दिवशी नव्हे.

अधिकृत कारागीर त्यानंतर दोन महिन्यांनी आला. गोंदियाहून बसने, मग फाट्यावरून पायी. पाठीवर हत्यारांची पिशवी, घामाने निथळत. झाकणावर कापलेली पट्टी दिसताच त्याने मान हलवली. "काकाजी, सील टूटा है. वारंटी कॅन्सल."

मी पंचनामा पुढे केला आणि सहाव्या अटीवर बोट ठेवले. पण उत्तर दिले ते पत्नीने. ती दाराशी उभी होती, वॉकरविना, हातात नुसती काठी.

"कॅन्सल तर कॅन्सल. दाबून पाय ना बेटा, गळते का?"

त्याने दाबले. आम्ही तिघेही ऐकत उभे राहिलो. धबधबा, भरणे, बारीक होणे, थांबणे. त्याने भांड्याच्या भिंतीवर बोट फिरवले, जसे मी फिरवले होते. झाकण उचलून वाकून पाहिले. मग सरळ होऊन हळूच विचारले, "वॉशर कौनसा है? हमारा तो ऐसा बैठता ही नहीं."

"ट्रकाचा हाय," पत्नी म्हणाली. "माह्या मालकानं कापला."

उरलेला ट्यूबचा तुकडा मी जपून ठेवला होता. त्याने तो मागितला. गोंदियात अशा नऊ टाक्या त्याच्या माथी होत्या, म्हणाला. मी तुकडा दिला, आणि एका कागदावर त्याच्याकडून लिहून घेतले : सदर टाकी तपासली, गळती नाही, दुरुस्तीचे रबर तक्रारदाराकडून मिळाले. त्याने तारीख घालून सही केली. त्या कंपनीकडून मला मिळालेला सही असलेला तो पहिला कागद.

तो मी फाइलला लावला, टाचणीने. डिंकाने नाही. दोन्ही बाजू वाचून झाल्यावर.

तोवर पत्नी त्याच्यासाठी पाणी आणायला आत गेली होती. माठातून तांब्या तिने स्वतः भरला, आणि काठी टेकत बाहेर येऊन त्याच्या हाती दिला.